भूलवाले डॉक्टर : दिंद्रुडच्या टापूतील एका व्यवसायाची वाटचाल

शस्त्रक्रियेपुरती रुग्णाची संवेदना किंवा शुद्ध घालवणे, तेवढा वेळ त्याचा श्वास, नाडी आणि रक्तदाब सांभाळणे आणि काम उरकल्यावर त्याला सुखरूप शुद्धीवर आणणे, हा भूलतज्ज्ञाचा व्यवसाय. बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे तेलगावहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. या टापूत भूलतज्ज्ञाला ‘भूलवाले डॉक्टर’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा तेवढेच म्हणतात. पोट उघडणाऱ्या सर्जनचे नाव घरात वर्षानुवर्षे निघते. पाठीत सुई देणाऱ्याचे नाव सुट्टी मिळण्याच्या दिवशीही कुणाला सांगता येत नाही. या व्यवसायाचा इतिहास लिहिताना मोठी अडचण हीच आहे. औषधांच्या तारखा सापडतात, ती देणाऱ्या माणसांच्या सापडत नाहीत.

शब्दाचाही इतिहास आहे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या पाटीवर ‘बधिरीकरणशास्त्र विभाग’ असे लिहिलेले असते, पण बोलण्यात तो शब्द कुणी वापरत नाही. बधिर होणे म्हणजे जाणीव मरणे, आणि ती एखाद्या बोटाचीही मरते. ‘भूल’ या जुन्या शब्दात वाट चुकणे आले, भुरळ पडणे आले, विसर आला आणि चूकही आली. ‘भूल दिली’ म्हटले की रुग्ण काही काळ स्वतःला विसरला, एवढा अर्थ आपोआप कळतो. निजामाच्या राजवटीत या भागातील दफ्तरी भाषा उर्दू होती आणि तिच्यातला ‘बेहोशी’ हा शब्दही इथल्या कानांना परका नव्हता. तरी टिकली ती भूलच.

बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करता येते हे जगाला पटले ते १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने रुग्णाला इथर हुंगवले आणि जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. त्यानंतर पाच-सहा महिन्यांत, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात इथरचा वापर झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणला आणि १८४८ च्या जानेवारीत तोही कलकत्त्यात पोचला. हिंदुस्थानशी तारेचा संपर्क आणि सुएझ कालवा नसतानाच्या काळातला हा वेग आहे. बाटली बोटीत बसून आली. बाटली हाताळण्यात मुरलेला माणूस दिंद्रुडच्या पंचक्रोशीत यायला मात्र आणखी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

दोन औषधांपैकी हिंदुस्थानात क्लोरोफॉर्म का रुजला, याचे एक कारण साधे आहे. इथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. तिथे इथरची बाटली उघडी राहिली तर रुग्णाआधी खोलीच गुंगायची. शिवाय ते भडकन पेट घेते, आणि त्या काळच्या शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडातही चालत. क्लोरोफॉर्म ६१ अंशांच्या आसपास उकळतो, पेट घेत नाही, वास गोडसर, मात्रा थोडी पुरते. रुमालावर चार थेंब टाकले की काम सुरू. फक्त तो अधूनमधून माणूस मारत असे. जानेवारी १८४८ मध्येच इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता दगावली. एवढ्याशा कामासाठी एक धडधाकट मुलगी गेली कशी, या प्रश्नावर वैद्यकविश्व पुढची साठ वर्षे भांडत राहिले.

त्या भांडणाचा सगळ्यात मोठा फड हैदराबादेत रंगला, आणि बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे दिंद्रुडच्या शेतकऱ्याचा सारा ज्या तिजोरीत जात होता, त्याच तिजोरीतून या वादाचा खर्च निघाला. हैदराबादेत १८४६ पासून वैद्यकीय शाळा होती. तिथे सुरुवातीला उर्दूतून शिकवत आणि उत्तीर्ण होणाऱ्याला ‘हकीम’ ही पदवी मिळे. १८८५ च्या सुमारास एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन म्हणून तिथे आले. लॉरी एडिंबरोच्या परंपरेतले, जेम्स साइम यांचे शिष्य. त्यांचा नियम एकच : क्लोरोफॉर्म देताना श्वासाकडे पाहा, नाडीला हात लावू नका. हृदय आधी थांबत नाही, श्वास आधी थांबतो; श्वासावर नजर असेल तर मृत्यू होणारच नाही. लंडनचे डॉक्टर याच्या बरोबर उलट सांगत. त्यांच्या मते क्लोरोफॉर्म थेट हृदयावर घाव घालतो, म्हणून बोट नाडीवरच हवे.

१८८८ मध्ये लॉरींनी हैदराबादेत पहिला आयोग भरवला, जनावरांवर प्रयोग केले आणि आपलेच म्हणणे खरे ठरवले. ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि लॅन्सेटने आपला माणूस पाठवावा असे सांगितले. आलेला माणूस साधासुधा नव्हता. थॉमस लॉडर ब्रंटन हे औषधशास्त्रातले मोठे नाव, आणि हैदराबादला येईपर्यंत ते हृदयाला धोका असतो या मताचे होते. १८८९ च्या अखेरीस दुसऱ्या आयोगाने कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या अशा शेकडो जनावरांना क्लोरोफॉर्म दिला, रक्तदाबाचे आलेख काढले, आणि ब्रंटन यांचे मत पालटले. निष्कर्ष तारेने लंडनला गेला : धोका श्वासाचा, हृदयाचा नाही.

निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असताना शरीरात ॲड्रेनलिन उसळले, म्हणजे रुग्ण घाबरलेला असताना किंवा भूल पुरेशी चढण्याआधीच चाकू लावला गेला, तर हृदयाचे ठोके विस्कटून ते एकाएकी थांबू शकते. हॅना ग्रीनरचे कोडे बहुधा तिथेच सुटते. लॉरी चुकले, पण त्यांच्या चुकीतला उपयोगी भाग आजही भूलतज्ज्ञाच्या अंगवळणी पडलेला आहे. कितीही यंत्रे लावलेली असोत, नजर आधी छातीकडे जाते.

हैदराबादच्या या प्रकरणात एक नाव आहे, ते बोस्टन आणि लंडनच्या नावांपेक्षा या लेखाला जवळचे आहे. लॉरींनी वैद्यकीय शाळेत स्त्रियांना प्रवेश दिला. पहिल्या तुकडीत रूपाबाई फर्दूनजी ही पारशी विद्यार्थिनी होती. १८८९ मध्ये ती हकीम झाली आणि हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम करू लागली. पुढे १९०९ मध्ये ती एडिंबरोला शिकायला गेली, परत येऊन पुन्हा कामाला लागली आणि १९२० मध्ये चादरघाट रुग्णालयाची अधीक्षक म्हणून निवृत्त झाली. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून तिचा उल्लेख करतात. ‘पहिली’ या शब्दावर फार भार टाकू नये, असे दावे इतर देशांतूनही निघतात. पण भूल देणे हेच आयुष्याचे काम ठरवून ते जवळपास तीस वर्षे करणारी व्यक्ती निजामाच्या राज्यात, क्लोरोफॉर्मचा वाद पेटलेला असताना होती, आणि ती स्त्री होती, एवढे निश्चित. मराठवाड्यातल्या भूलशास्त्र विभागांत तिचे छायाचित्र लावायला हरकत नसावी.

राजधानीत एवढे घडत असताना जिल्ह्यात काय होते? फारसे काही नव्हते. मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणी म्हटले की लष्करी डॉक्टर आणि औषधांची पेटी आलीच, पण ती शिपायांसाठी. बाकीच्यांना वैदू, हकीम, हाडवैद्य. हाड बसवताना चार माणसांनी धरायचे आणि तोंडात कापडाचा बोळा द्यायचा, ही खेड्यातली भूल. निजामाची रेल्वे विकाराबादहून परळीपर्यंत आल्यावर हैदराबादची वाट सोपी झाली, आणि ऐपत असलेले लोक ‘मोठ्या ऑपरेशनला’ तिकडे जाऊ लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि ती वाट मुंबई-पुण्याकडे वळली. जवळ मात्र काहीच नव्हते.

तोवर हा व्यवसाय बाहेरच्या जगात आपल्या पायांवर उभा राहिला होता. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी पाठीच्या कण्यातून कोकेन देऊन कमरेखालचा भाग बधिर करून दाखवला. आज तालुक्याच्या गावात सर्वांत जास्त दिली जाणारी ‘पाठीतली भूल’ ती हीच, औषध तेवढे बदलले. १९३४ मध्ये शिरेतून देण्याचे थायोपेंटोन आले, १९४२ मध्ये माँट्रियलला स्नायू सैल करण्यासाठी क्युरारे वापरले गेले. आता श्वास बंद करून तो हाताने चालवायचा होता. रुमालावर थेंब टाकणाऱ्या कंपाउंडरच्या आवाक्यातले हे काम उरले नाही, आणि स्वतंत्र तज्ज्ञाची गरज औषधांनीच निर्माण केली. इंग्लंडमध्ये १९३५ पासून भूलशास्त्राची पदविका परीक्षा सुरू झाली. भारतातील भूलतज्ज्ञांची संघटना १९४७ मध्ये उभी राहिली आणि तिचे नियतकालिक १९५३ पासून निघू लागले.

‘कन्सल्टंट’ हा शब्दही याच काळातला. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा भूलतज्ज्ञाला सर्जनच्या बरोबरीने कन्सल्टंटचा दर्जा आणि तोच पगार मिळाला. व्यवसायाच्या इतिहासातला हा मोठा टप्पा होता. तोच शब्द मराठवाड्यात आला तो निराळ्या अर्थाने. इथे कन्सल्टंट भूलतज्ज्ञ म्हणजे ज्याचे स्वतःचे रुग्णालय नाही, जो चार-पाच खासगी रुग्णालयांत बोलावल्यावर जातो आणि केसप्रमाणे पैसे घेतो. गाडीच्या डिकीत त्याची बॅग कायम भरलेली. घशात पाहण्याचा लॅरिंगोस्कोप, श्वासनलिकेत घालायच्या वेगवेगळ्या मापांच्या नळ्या, हाताने श्वास देण्याची अँब्यू बॅग, अडीअडचणीची इंजेक्शने; कारण ज्या दवाखान्यात जायचे तिथे काय असेल याचा नेम नाही. ब्रिटनमध्ये तो शब्द पदाचे नाव होता, इथे तो फिरतीचे नाव झाला.

मराठवाड्याला पहिले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादला मिळाले. बीड जिल्ह्यासाठी महत्त्वाचे वर्ष १९७४. त्या वर्षी अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते असलेले स्वामीजी १९७२ मध्ये गेले होते. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी शिकवलेले, त्यामुळे नावाला स्थानिक आधार होता. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख अभिमानाने सांगतात. सेवाग्रामचे महाविद्यालय १९६९ चे आहे, हे ध्यानात घेतले तर हा दावा सरकारी महाविद्यालयांपुरता धरावा लागेल. दावा कसाही असो, तालुक्याच्या गावी वैद्यकीय महाविद्यालय नेण्याचा निर्णय धाडसाचा होता. महाविद्यालय आले म्हणजे बधिरीकरणशास्त्राचा विभाग आला, चोवीस तास ओटी (शस्त्रक्रियागृह) आली, आणि दिंद्रुडच्या माणसाला धारूरमार्गे किंवा परळीमार्गे काही तासांत गाठता येईल अशा अंतरावर प्रशिक्षित भूलतज्ज्ञ आला. ज्या वर्षी हे महाविद्यालय निघाले त्याच वर्षी जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी आज बोटाला लावतात त्या चिमट्यामागचे, रक्तातला ऑक्सिजन मोजण्याचे तत्त्व मांडले. त्या चिमट्याला इथे पोचायला आणखी दीड-दोन दशके लागली. तोवर ओठांचा आणि नखांचा रंग हेच यंत्र होते, आणि काळ्यासावळ्या माणसाच्या ओठांवर निळसर झाक ओळखणे पिवळ्या बल्बखाली सोपे नसते.

माजलगाव, परळी, केज, धारूर या गावांत सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची खासगी रुग्णालये उभी राहत गेली तेव्हा भूलतज्ज्ञ त्यांच्या मागून आले, बरोबर आले नाहीत. मधल्या काळात सर्जन स्वतःच पाठीत इंजेक्शन देई, मग हात धुऊन गाऊन चढवी आणि सिस्टरला सांगे, बीपी बघत राहा. लहान मुलाला शिरेतून केटामिन. १९७० पासून मिळू लागलेल्या या औषधाने श्वास चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, म्हणून ग्रामीण भागाला ते मोठाच आधार झाले. रुग्ण मध्येच डोळे उघडून भलतेसलते बोलतो, एवढे चालवून घेतले जाई. कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत तर टाक्याच्या जागी लिग्नोकेन आणि वर गुंगीचे एक इंजेक्शन, एवढ्यावर ओळीने शस्त्रक्रिया होत. खेड्यातल्या एका पिढीतील स्त्रियांचा भुलीशी आलेला पहिला संबंध हाच, आणि त्या खोलीत भूलतज्ज्ञ नव्हता.

हे बदलले त्याला एक कारण कायद्याचे होते. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली वैद्यकीय सेवा येते असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात दिला. सर्जनने स्वतः भूल दिली आणि काही विपरीत घडले तर न्यायालयात सांगणार काय? त्यामुळे लहान रुग्णालयेही भूलतज्ज्ञ बोलावू लागली, संमतिपत्रावर त्याची वेगळी सही येऊ लागली आणि बिलात त्याच्या नावाची स्वतंत्र ओळ दिसू लागली. २०१२-१३ मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना आली, पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. योजनेतल्या रुग्णालयांना तज्ज्ञांची हजेरी दाखवावी लागते, त्यानेही मागणी वाढली.

व्यवसायात शिरण्याची वाट लांब आहे. साडेचार वर्षे एमबीबीएस, एक वर्ष आंतरवासिता, मग तीन वर्षांची एमडी. पूर्वी दोन वर्षांची डीए पदविका करून अनेक जण थेट कामाला लागत. निवासी डॉक्टर म्हणून पहिल्या वर्षात शिकायचे ते मास्क धरायला. ऐकायला सोपे वाटते. डाव्या हाताच्या तीन बोटांनी जबडा वर उचलायचा, अंगठा आणि तर्जनीने मास्क दाबायचा, उजव्या हाताने पिशवी पिळायची आणि छाती उचलली जाते की नाही ते पाहायचे. दात नसलेल्या, गाल बसलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हवा न गळता मास्क बसला, की त्या मुलाला काम येऊ लागले असे वरिष्ठ मानतात. नळी टाकणे त्यानंतरचे. पुढे वाटा फुटतात : महाविद्यालयात अध्यापन, सरकारी रुग्णालयातले पद, अतिदक्षता विभाग, वेदना-उपचार, किंवा बॅग घेऊन फिरती. बीडसारख्या जिल्ह्यात फिरतीचे आकर्षण मोठे, कारण पगारापेक्षा मिळकत जास्त, आणि जाच सगळ्यात मोठा, कारण रात्र स्वतःची राहत नाही.

रात्रीच्या त्या फोनवर जवळजवळ नेहमी ‘सिझर’ असते. बाळाचे ठोके पडताहेत, पेशंट टेबलावर घेतोय, या. दिंद्रुडच्या आसपासच्या वस्तीवरून जीपमध्ये आणलेली बाई तोवर ओटीत पोचलेली असते. तिला टेबलावर बसवतात, सिस्टर पुढून खांदे धरते आणि मांजरीसारखी पाठ काढायला सांगते. कळा चालू असताना नऊ महिन्यांचे पोट सांभाळत पाठ काढणे म्हणजे काय, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसते. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडल्या तर ती रेषा कमरेच्या चौथ्या मणक्याशी येते. अंगठ्याने तिथली फट चाचपून २५ नंबरची बारीक सुई आत जाते. एका ठिकाणी बोटांना हलकासा ‘टच’ जाणवतो, सुईतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब येतो, आणि दोनेक मिलिलीटर औषध जाते. हे औषध ‘हेवी’ बुपिव्हाकेन, ग्लुकोज घालून मुद्दाम जड केलेले, म्हणजे ते कुठे उतरेल हे टेबलाच्या उतारावर ठरते. बाईला उताणी झोपवून उजव्या कुशीखाली उशी, नाहीतर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब कोसळतो. मिनिट-दोन मिनिटांत ती म्हणते, पाय गरम झाले. मग म्हणते, पाय कुठे आहेत कळेना. स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवून थंड लागते का विचारायचे, रक्तदाब पडला तर सलाइन सोडायचे, मेफेंटरमिन द्यायचे. सर्जनला ‘घ्या’ म्हणायचा अधिकार भूलतज्ज्ञाचा. बाळ रडले की सगळे बाळाकडे पाहतात. एक माणूस बाईच्या उशाशी उभा राहून मॉनिटर पाहत असतो.

सरकारने भूलतज्ज्ञांची कमतरता ओळखली ती उशिरा. १९९२ च्या माता-बाल संगोपन कार्यक्रमात प्रथम संदर्भ रुग्णालयांची कल्पना आली : तालुक्याच्या पातळीवर सिझर व्हावे, रक्त मिळावे. इमारती झाल्या, ओटीत दिवे लागले, स्त्रीरोगतज्ज्ञही काही ठिकाणी आले. भूलतज्ज्ञाअभावी ओटीला कुलूप, ही स्थिती देशभर राहिली. म्हणून २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन प्रसूतीतील आणीबाणीपुरती भूल देण्यास तयार करण्याची योजना राबवली गेली, आणि खासगी भूलतज्ज्ञाला दर केसमागे मानधन देऊन ग्रामीण रुग्णालयात बोलावण्याची तरतूद झाली. भूलतज्ज्ञांना १८ आठवड्यांची कल्पना पसंत नव्हती. जे तीन वर्षांत येते ते चार महिन्यांत कसे येईल, हा त्यांचा प्रश्न वाजवी आहे. पण रात्री दोन वाजता तीन वर्षे शिकलेला माणूस तिथे नसतो, याला त्या प्रश्नात उत्तर नाही. लॅन्सेटच्याच २०१५ च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने हिशेब मांडला : जगातील ५ अब्ज लोकांना वेळेत, परवडेल अशी सुरक्षित शस्त्रक्रिया आणि भूल मिळत नाही, सिझर, पोट उघडण्याची शस्त्रक्रिया आणि उघडे अस्थिभंग यांसाठी दोन तासांत पोचता यावे. हैदराबादला माणूस पाठवणारे तेच नियतकालिक, सव्वाशे वर्षांनी.

या जिल्ह्यात भूलतज्ज्ञाचे काम ओटीबाहेरही पसरले आहे, आणि त्याचे मूळ १९५२ च्या कोपनहेगनमध्ये आहे. पोलिओच्या साथीत श्वास बंद पडलेल्या मुलांना ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातून नळी घालून पिशवीने श्वास द्यायला लावला. वैद्यकीय विद्यार्थी पाळी लावून दिवसरात्र पिशव्या पिळत बसले. अतिदक्षता विभाग तिथून जन्मला. बीड जिल्ह्यात पोलिओची जागा मण्यार सापाने आणि फवारणीच्या औषधाने घेतली. मण्यार रात्री झोपेत चावते, पहाटे पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. अशा रुग्णाला प्रतिविषाबरोबर काही तास किंवा दिवस यंत्राचा श्वास मिळाला तर तो चालत घरी जातो. कीटकनाशक प्यालेल्या शेतकऱ्याचेही तसेच : ॲट्रोपिन, व्हेंटिलेटर आणि वाट पाहणे. अंबाजोगाईच्या रुग्णालयात शिकून गेलेल्या निवासी डॉक्टरांना ही दोन प्रकरणे पुस्तकात वाचावी लागत नाहीत. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाने हीच विद्या एकदम सगळ्यांना हवीशी केली, आणि पीपीई किटमध्ये, चष्म्यावर वाफ धरलेली असताना नळी टाकण्याचे काम बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञांच्याच वाट्याला आले.

जिल्ह्याच्या शस्त्रक्रियांच्या इतिहासातले एक पान कडू आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. या चर्चेत स्त्रीरोगतज्ज्ञ आले, कारखाने आले, मुकादम आले. भूलतज्ज्ञाचा उल्लेख जवळजवळ नाही. शस्त्रक्रिया हवी की नको हे तो ठरवत नाही, हे खरे. पण पाठीत सुई देण्याआधी रुग्णाशी बोलणारा शेवटचा डॉक्टर तोच असतो. या व्यवसायाने स्वतःला विचारावा असा एक प्रश्न त्यात दडलेला आहे.

रुग्णाच्या बाजूने या व्यवसायाबद्दल गैरसमज बरेच आहेत. पाठीतल्या सुईने आयुष्यभर कंबर दुखते, हा सगळ्यात घट्ट. सुईनंतर काहींचे डोके चार-पाच दिवस दुखते, ते खरे आणि ओळखीचे. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला बाळंतपण, वाकून केलेली खुरपणी आणि डोक्यावरची मोळी यांची कारणे पुरेशी असतात. दारू पिणाऱ्याला भूल चढत नाही, हा दुसरा समज, आणि यात काही अंशीच तथ्य आहे. म्हणून किती पितो हे घरच्यांसमोर लाजून लपवू नये. तंबाखू, मिसरी, दमा, मिरगी, आधीच्या शस्त्रक्रियेत झालेला त्रास, चालू गोळ्या, हलणारा दात, हे सगळे भूलवाल्या डॉक्टरांना सांगायचे असते, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांचे नाव विचारून घ्यायलाही हरकत नाही. उपाशी राहा म्हटल्यावर चहा चालतो, अशी पक्की समजूत आहे. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा अन्नात धरतात, आणि त्याला सहा तास लागतात.